वाचकांचे प्रश्न : मारका बैल, बुजरा बैल

मागील अंकात 'आजच्या यंत्रांवरची आजची कथा' या विषयावर आम्ही प्रश्न मागवले होते. आलेली पत्रे बहुतेक नागपूर आणि आसपासची आहेत, आणि ती लिहिणाऱ्यांत प्रोग्रॅमरपेक्षा प्रोग्रॅमरच्या आईवडिलांची संख्या अधिक असावी, असा मला दाट संशय आहे. जागेच्या मर्यादेमुळे सहाच प्रश्न घेतले आहेत.

प्रश्न : मी त्रिमूर्तीनगरात राहतो आणि एका सॉफ्टवेअर कंपनीत काम करतो. २०७० सालच्या नागपुरावर मी सायबरपंक कथा लिहिली आहे. तीत उडत्या मोटारी, निळ्या-जांभळ्या दिव्यांच्या पाट्या, अखंड पडणारा पाऊस आणि एक बंडखोर हॅकर आहे. मित्र म्हणतात, यात नागपूर कुठेच दिसत नाही. काय बदलू?

उत्तर : सर्वप्रथम पाऊस काढा. 'सायबरपंक', म्हणजे संगणकांनी आणि बड्या कंपन्यांनी व्यापलेल्या अंधाऱ्या भविष्याची कथा, हा शब्द ब्रूस बेथके या अमेरिकन लेखकाने १९८० साली लिहिलेल्या आणि १९८३ साली छापून आलेल्या कथेचे शीर्षक म्हणून घडवला. 'सायबरस्पेस' (संगणकांच्या जाळ्यातील जग) हा शब्द त्याच्या आदल्या वर्षी, १९८२ मध्ये, विल्यम गिब्सन यांच्या एका कथेत आला. त्या लेखकांनी आपल्या भोवतीची शहरे, आपल्या काळातील कंपन्या आणि आपल्या काळातील भीती पाहून लिहिले. आपण मात्र त्यांनी लिहिलेले वाचून, किंवा त्यावरून काढलेली चित्रे पाहून लिहितो, आणि मग नागपुरातही बारा महिने पाऊस पडू लागतो.

तुमच्या शहरात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो. त्या दिवसांत सर्व्हरच्या खोलीतील वातानुकूलन यंत्र बंद पडले तर काय होते, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक असणार. वर्धा रोडवर खाली जुना रस्ता, त्याच्या वर उड्डाणपूल आणि त्याच्याही वर मेट्रो धावते. वरचे दोन खांबांच्या एकाच रांगेवर पेललेले असे हे तीन मजले २०७० सालची वाट न पाहता आजच उभे आहेत, आणि कोणत्या मजल्यावरून कोण जातो, हे पाहायला दहा मिनिटे पुरतात. उत्तरेला कोराडी आणि खापरखेड्याच्या औष्णिक केंद्रांची धुरांडी आहेत, म्हणजे तुमच्या कथेतील प्रत्येक संगणक शेवटी कोळशावर चालतो आणि त्याची राख कुठेतरी साचते. शहराला नाव देणारी नाग नदी सांडपाणी वाहून नेते. यातले काहीही कल्पून लिहावे लागत नाही.

बंडखोर हॅकरही मला पटला नाही. त्याच्या जागी घराच्या कर्जाचा हप्ता भरणारा, सर्व्हरचा पासवर्ड कंपनीने रीतसर हाती दिलेला माणूस ठेवून पाहा. नागपुरात रात्रीचे दोन वाजतात तेव्हा हिवाळ्यात न्यूयॉर्कमध्ये दुपारचे साडेतीन झालेले असतात. त्याचा फोन वाजतो. बाजूच्या खोलीत आई झोपली आहे, म्हणून तो लॅपटॉप घेऊन गच्चीवर येतो, पाण्याच्या टाकीला टेकून बसतो आणि लॉगच्या, म्हणजे सर्व्हरने आपोआप लिहिलेल्या नोंदींच्या, ओळी वाचू लागतो. त्यांत एक ओळ दर सात मिनिटांनी उमटते आहे, आणि ती लिहिणारा प्रोग्रॅम त्याने स्वतः तीन वर्षांपूर्वी बंद केलेला आहे. तुम्ही सोबत पाठवलेल्या हस्तलिखितात हाच प्रसंग नवव्या पानावर, दोन उडत्या मोटारींच्या मधे, अर्ध्या परिच्छेदात उरकला आहे. माझ्या मते कथा तेथून सुरू होते.

प्रश्न : कृत्रिम जीव म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्ताच का? मी अभियांत्रिकीची विद्यार्थिनी आहे. कथेत 'संगणकात जन्मलेला जीव' दाखवायचा आहे; पण तो खोटा वाटू नये, अशी इच्छा आहे.

उत्तर : दोन्हींत नाते आहे, पण त्या एक नव्हेत. कृत्रिम बुद्धिमत्तेत विचार करण्याची नक्कल होते. कृत्रिम जीवाच्या अभ्यासात जगण्याची, म्हणजे प्रत काढणे, प्रत काढताना चुकणे, जागेसाठी भांडणे आणि मरणे यांची. या अभ्यासाला वेगळे नाव मिळाले ते क्रिस्टोफर लँग्टन यांनी १९८७ साली अमेरिकेतील लॉस अलामोस येथे भरवलेल्या परिषदेमुळे. विषयाची ओढ मात्र त्याआधीची आहे, आणि तिची चव घेण्यासाठी संगणकही लागत नाही.

चौकटीची वही घ्या. केंब्रिजचे गणिती जॉन कॉनवे यांचा खेळ मार्टिन गार्डनर यांनी ऑक्टोबर १९७० मध्ये 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकातील आपल्या सदरातून लोकांपुढे आणला, त्याचे नियम इतकेच : प्रत्येक घराला आठ शेजारी, जिवंत घराचे दोन किंवा तीन शेजारी जिवंत असतील तर ते पुढच्या पिढीत टिकते, एरवी मरते, आणि मेलेल्या घराचे नेमके तीन शेजारी जिवंत असतील तर ते जन्मते. पेन्सिलीने तीन घरे एका आडव्या रांगेत भरा. टोकाच्या दोन घरांना एकेकच शेजारी, म्हणून ती मरतात. मधल्याला दोन, म्हणून ते टिकते. मधल्याच्या वर आणि खाली नेमके तीन शेजारी, म्हणून तेथे जन्म होतो. आडवी रांग उभी झाली. पुढच्या पिढीत ती पुन्हा आडवी होते. पाच घरांची एक आकृती अशी आहे की ती दर चार पिढ्यांनी एक घर तिरकी सरकते आणि पानभर चालत जाते. चालण्याचा नियम मात्र कोणी लिहिलेला नाही. वहीत हे एकदा हाताने करून पाहिल्याशिवाय या विषयावर एक ओळही लिहू नका, असा माझा आग्रह आहे.

आता जीवाकडे. थॉमस रे हे कोस्टा रिकाच्या वर्षावनात काम केलेले परिसंस्थाशास्त्रज्ञ. १९९० साली त्यांनी संगणकाच्या आत एक कल्पित संगणक उभा केला आणि त्याच्या स्मृतीत ८० आज्ञांचा एकच प्रोग्रॅम सोडला. त्याचे काम एवढेच, की आपली प्रत काढावी. प्रती काढताना अधूनमधून चूक होईल, अशी व्यवस्था होती, आणि स्मृती भरत आली की जुन्या व सदोष प्रोग्रॅमना काढून टाकणारा एक यमदूतही होता. काही काळाने त्या गर्दीत ४५ आज्ञांचा एक जीव आढळला. स्वतःची प्रत काढण्याचा भागच त्याच्यात नव्हता. तो शेजाऱ्याचा तो भाग वापरून प्रत काढत होता. आपल्या भाषेत सांगायचे तर, घरची चूल मोडून शेजाऱ्याच्या चुलीवर भाकर भाजणारा. अशा परोपजीवीची कल्पना रे यांनी कुठेही लिहून ठेवली नव्हती. पुढे त्याला दाद न देणारे यजमान निघाले, आणि नंतर त्या परोपजीवींनाच लुबाडणारेही निघाले.

कथाकाराने येथे दोन गोष्टी टिपून घ्याव्यात. पहिली म्हणजे हे जीव पळून जाऊ शकत नव्हते, कारण त्यांच्या आज्ञांना त्या कल्पित संगणकाबाहेर काही अर्थच नव्हता. तेव्हा 'जीव इंटरनेटवर निसटला' हे वाक्य लिहिण्यापूर्वी तो कोणत्या यंत्रावर, कोणाच्या परवानगीने आणि कोणाच्या विजेवर चालणार, हे स्वतःला विचारा. दुसरी गोष्ट अधिक जवळची आहे. कोणत्याही जुन्या कार्यालयात अशी एखादी छोटी स्क्रिप्ट (छोटेखानी प्रोग्रॅम) असते, जी लिहिणारा केव्हाच पुण्याला गेला. ती काय करते हे कोणाला नीट माहीत नसते, पण काढली तर काहीतरी बंद पडेल या भीतीने प्रत्येक नव्या प्रकल्पात तिची प्रत घेतली जाते, आणि प्रत्येक वेळी कोणीतरी तिच्यात एखादी ओळ बदलतो. तिला स्वतःची प्रत काढता येत नाही. त्यासाठी ती आपल्याला वापरते. रे यांच्या ४५ आज्ञांच्या जीवाहून ही फार निराळी आहे असे मला वाटत नाही, आणि तुमच्या कथेला लागणारा जीव बहुधा तुम्ही इंटर्नशिपमध्ये पाहिलेलाच असेल.

प्रश्न : वडिलांची काटोलकडे संत्र्याची बाग आहे, मी परसोडीच्या आयटी पार्कमध्ये काम करतो. ठिबकचे पाणी आपोआप सोडणाऱ्या यंत्रणेवर कथा लिहायची आहे. खलनायक यंत्र असावे की कंपनी?

उत्तर : तुमचा प्रश्न वाचून मला तुमचा हेवा वाटला, कारण या विषयाच्या दोन्ही बाजू एकाच घरात असलेला लेखक क्वचित सापडतो. खलनायक कोणीच नको. बागेचा ताणच घ्या.

इतर वाचकांसाठी थोडे सांगतो. आंबिया बहार घ्यायचा असेल तर डिसेंबर-जानेवारीत, थंडी असताना, संत्र्याच्या झाडांचे पाणी मुद्दाम तोडतात. पाने मलूल होतात, काही गळतात; परक्या माणसाला वाटेल की बाग मरते आहे. जमीन भारी असेल तर ताण अधिक दिवस, हलकी असेल तर कमी. मग पाणी सोडले की झाड फुलांनी भरते. तहान लागल्यावाचून झाड बहरत नाही, आणि ती किती लागू द्यायची हे शेतकरी पानाकडे पाहून ठरवतो.

आता मुळाशी ओलावा मोजणारा संवेदक बसवा आणि प्रोग्रॅमला सांगा, की ओलावा अमुक पातळीच्या खाली गेला की झडप उघडावी. आज्ञा निर्दोष आहे. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात वडील झडप हाताने बंद करतात. सर्व्हरला दिसते, की माती कोरडी आहे आणि झडप आज्ञा पाळत नाही, म्हणजे बिघाड. बिघाड आपोआप दुरुस्त करण्याची सोय प्रोग्रॅममध्ये आहे, आणि ती लिहिल्याबद्दल मुलाला कार्यालयात शाबासकीही मिळालेली आहे. रात्री झडप उघडते. दुसऱ्या दिवशी वडील मुख्य नळी दुमडून तारेने आवळून टाकतात. मग पंप चालू आहे, दाब आहे, पण प्रवाह नाही, असा इशारा परसोडीत रात्रपाळीवर बसलेल्या मुलाच्या पडद्यावर येतो, आणि त्यात बागेचे नाव नसते. फक्त क्रमांक असतो. पाठोपाठ तसलेच इशारे त्या पट्ट्यातील इतर बागांतूनही येऊ लागतात. मुलगा आपल्या नोंदीत लिहितो : 'क्षेत्रात मोठ्या प्रमाणावर नळ्या तुंबल्या आहेत.'

यात कोणी खोटे बोललेले नाही. यंत्राने सांगितले तेच केले. सांगणाऱ्याला हवे होते ते मात्र निराळे होते, आणि ते सांगायचे राहून गेले, कारण ज्याला ते ठाऊक होते त्याला कोणी विचारलेच नाही. ताण मोडला तर त्या वर्षीचा बहार जातो, आणि त्याची भरपाई सेवेच्या करारात कुठे बसते, हा कथेचा उत्तरार्ध आहे. तो लिहिताना कराराची भाषा जशीच्या तशी वापरा. तिच्याइतकी थंड भाषा तुम्हाला स्वतः घडवता येणार नाही.

एकच इशारा : वडिलांना शहाणे आणि यंत्राला मूर्ख करू नका. ताण नको तितका लांबला आणि झाडे वाळली, असे वडिलांच्या हातूनही एखाद्या वर्षी घडलेले असेल. तेही कथेत येऊ द्या.

प्रश्न : मी धरमपेठेतील निवृत्त मराठी शिक्षक आहे. या प्रकारच्या कथांतील पात्रे अर्धे इंग्रजी बोलतात. मराठीला हा विषय पेलत नाही, असे समजायचे काय?

उत्तर : गुरुजी, पेलतो. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत 'नारायण विनायक जगताप' या टोपणनावाने कथा पाठवून पहिला क्रमांक मिळवणारे लेखक म्हणजे जयंत विष्णू नारळीकर, हे आपणांस ठाऊक असेलच; कृष्णविवरासारखा विषय तेव्हा मराठीने पेलला, तर सर्व्हर का पेलू नये?

मात्र निवेदकाची भाषा आणि पात्रांची भाषा यांत मी फरक करतो. निवेदन मराठीत, पूर्ण वाक्यांत असावे. पात्रांनी मात्र आपापल्या तोंडची भाषा बोलावी, आणि नागपूरचा प्रोग्रॅमर 'सेवादाता संगणक अकार्यक्षम झाला' असे म्हणत नाही. तो म्हणतो, "काऊन बे, सर्व्हर पुन्हा बसला का? मी केव्हाचा लॉग पाहून राह्यलो." या वाक्यातील इंग्रजी शब्द दोन आहेत, बाकी सगळे या मातीतले आहे, आणि 'पाहून राह्यलो' मधला ताटकळलेपणा प्रमाण भाषेत मला आजवर उतरवता आलेला नाही. आपली तक्रार इंग्रजी शब्दांपेक्षा इंग्रजी वळणाच्या मराठी वाक्यांविषयी असेल, तर मी आपल्याच बाजूला आहे.

शब्द बदलण्याचा अतिरेक काय करतो, याचा मला अनुभव आहे. अनेक वर्षांपूर्वी माझ्या एका कथेतील 'बग' (प्रोग्रॅममधील चूक) हा शब्द एका मासिकाच्या संपादकांनी सर्वत्र 'ढेकूण' असा केला. कथेत नायक रात्रभर जागून ढेकूण शोधतो आणि पहाटे तो सापडल्यावर साहेबांना फोन करून कळवतो. वाचकांची जी पत्रे आली, त्यांत दोघांनी कीटकनाशकाचे नाव सुचवले होते.

प्रश्न : रोबोला 'यंत्रमानव' म्हणावे काय? (महाल येथील वाचक)

उत्तर : माणसासारखा दिसत असेल तर म्हणावे. 'रोबो' हा शब्द ज्यातून आला तो 'रोबोट' चेक लेखक कारेल चापेक यांच्या १९२० सालच्या नाटकामुळे जगभर गेला, आणि तो त्यांचे बंधू योसेफ यांनी सुचवला होता. त्याच्या मुळाशी असलेल्या 'रोबोटा' या चेक शब्दाचा अर्थ सक्तीचे काम. मराठीत त्याला 'वेठ' हा नेमका शब्द आहे. १९६१ साली न्यू जर्सीतील मोटारींच्या कारखान्यात कामाला लागलेला पहिला औद्योगिक रोबो म्हणजे तापलेले ओतीव सुटे भाग उचलणारा एक हात होता. त्याला तोंडही नव्हते. अशा हाताला मानव म्हणण्यापेक्षा वेठबिगार म्हणणे मूळ अर्थाच्या जवळ जाते. बुटीबोरी किंवा हिंगण्याच्या कारखान्यात कोणी ओळखीचे असेल तर जाळीच्या कुंपणामागे काम करणारा असा हात एकदा पाहून या, आणि तो पाहताना कुंपणाबाहेर उभ्या असलेल्या कंत्राटी कामगाराचेही काम थोडा वेळ पाहा.

प्रश्न : कथेच्या शेवटी यंत्राला जाणीव येते, हे दाखवले नाही तर नाट्य कुठून आणायचे? (मनीषनगर येथील वाचक)

उत्तर : यंत्राला जाणीव देण्याची घाई लेखकाने करू नये, कारण ते काम माणसे स्वतःहून करतात. जोसेफ वायझेनबाउम यांनी १९६६ साली अमेरिकेतील एमआयटी या तंत्रविद्यापीठात संभाषणाचा एक साधा प्रोग्रॅम प्रसिद्ध केला; माणसाचेच वाक्य फिरवून प्रश्न विचारणे, यापलीकडे त्याला फारसे काही येत नव्हते. तरीही त्याच्याशी बोलू लागलेल्या त्यांच्या स्वतःच्या सचिव बाईंनी थोड्याच वेळात वायझेनबाउम यांना खोलीबाहेर जाण्याची विनंती केली. प्रोग्रॅम कसा तयार झाला, हे त्या कित्येक महिने पाहत होत्या.

घरच्या घरी हे पाहायचे असेल तर व्हॅलेंटिनो ब्रायटेनबर्ग या मेंदूवैज्ञानिकाने १९८४ साली मांडलेली एक कल्पना उपयोगी पडते. मी ती गेल्या तान्ह्या पोळ्याच्या, म्हणजे मुलांनी लाकडी बैल घेऊन दारोदार बोजारा (खाऊ-पैसे) मागण्याच्या सणाच्या, आधी माझ्या सात वर्षांच्या भाच्यासाठी करून पाहिली. चाकांच्या लाकडी बैलाच्या डोळ्यांच्या जागी प्रकाश ओळखणारे दोन छोटे संवेदक बसवले आणि मागच्या दोन चाकांना एकेक मोटर जोडली. प्रकाश जितका जास्त, तितकी मोटर जोरात. मेंदू नाही, प्रोग्रॅमही नाही. आधी मी तारा फुलीसारख्या जोडल्या : डावा डोळा उजव्या चाकाला, उजवा डोळा डाव्या चाकाला. खोलीत अंधार करून कोपऱ्यात टेबललॅम्प लावला. दिवा ज्या बाजूला, त्याच्या विरुद्ध बाजूचे चाक जोरात फिरे, त्यामुळे बैल दिव्याकडे वळे, आणि जसजसा जवळ जाई तसतसा वेग वाढे. शेवटी त्याने दिव्याला धडक दिली.

"मामा, हा मारका आहे," भाचा म्हणाला. "याला घेऊन बोजारा मागायला गेलो तर लोक दार नाही उघडणार."

मी तारा सरळ केल्या : डावा डोळा डाव्या चाकाला, उजवा उजव्याला. बदल फक्त दोन जोडण्यांचा होता. आता बैल दिव्यापाशी आला की अंग चोरून दुसरीकडे वळे आणि अंधाऱ्या कोपऱ्यात जाऊन हळू होई. दोनतीनदा तसे झाल्यावर भाच्याने बैलाच्या पाठीवर हात ठेवला. "बुजरा आहे बिचारा. तू उगाच दिवा लावून त्याला घाबरवून राह्यला," असे म्हणून त्याने उठून टेबललॅम्प बंद केला. प्रकाश गेला तशा दोन्ही मोटरी थांबल्या, आणि बैल झोपला असे त्याने मला अगदी हळू आवाजात सांगितले.